एकोणीस मिनिटं

आमच्या गावात रात्री लाल दिवे दोनच:
एक रेल्वे फाटकाचा, तो मालगाडी आली तरच,
आणि एक टॉवरच्या टोकाला,
झोप न येणाऱ्या माणसासारखी उघडझाप करणारा.

टॉवरखाली पत्र्याची खोली, खोलीत वर्लिन ओस्टबी.
पूर्वी तिथं बियाणं तोलायचे.
हवा दमट झाली की भिंतींना अजून ओट्सचा वास येतो,
हे तोच सांगतो, माइकवर, हवामानानंतर.

रात्री दहा ते पहाटे पाच
तो आमच्या तरुणपणातली गाणी लावतो.
ज्या गाण्यांपायी पाद्रीबाबांनी
लागोपाठ दोन रविवार आमच्यावर खर्च केले,
ती आता दंतवैद्याकडे वाजतात.
गिटार तीच आहे. दात आमचे गेले.

ऐकतं कोण?
ढिगाऱ्यांवरून कारखान्याकडे बीट वाहणारी ट्रकवाली पोरं.
वृद्धाश्रमातली रात्रीची नर्स अर्डिस,
आवाज इतका बारीक ठेवते की नुसत्या झांजा कळाव्यात.
कोठडीत जो कोण असेल तो.
आणि मी, साखर कारखान्यात, बॉयलरच्या शेजारी,
जिथं काहीसुद्धा ऐकू येत नाही;
मी फक्त रेडिओवरचा काटा थरथरताना बघते.
तेवढं मला पुरतं.

आणि लवोन क्रेब्स.
दर मंगळवारी तिचा फोन: हा धिंगाणा बंद करा,
काल पावणेबाराला जो ओरडत होता
त्याला कुणीतरी पाणी द्या.
वर्लिन तिची तक्रार शब्दशः वाचायचा
आणि वर त्याहून मोठा धिंगाणा लावायचा.
सोळा वर्षं.
कान देऊन ऐकल्याशिवाय इतकं नेमकं रागावता येत नाही,
हे आमच्या कुणाच्याच लक्षात आलं नाही.

जानेवारी. उणे एकतीस.
वर्लिननं ते लांबलचक गाणं लावलं,
सतरा मिनिटांचं, मधे नुसते ड्रम.
त्याचा अर्थ गावाला पाठ आहे:
वर्लिन संडासला गेला.

गाणं संपलं. टाळ्याही विरल्या.
सुई थोडा वेळ खरखरली,
मग आपोआप उचलली गेली.

एरवी शांतता येत नाही, ती असतेच.
ही आली.
मी काटा पडलेला पाहिला.
अर्डिस म्हणते, तिच्याकडचे तीन म्हातारे
एकदम उठून बसले, त्यातला एक ठार बहिरा.
कोठडीतल्या माणसानं गज वाजवले.
मी पाळी सोडली. त्याबद्दल अर्ध्या दिवसाचा पगार गेला,
तो वेगळा विषय.

टॉवरपाशी पोचले तेव्हा खडीवर
वीसेक गाड्या, इंजिनं चालू, दारं उघडी,
कोटांखाली पायजमे,
आणि प्रत्येक गाडीत तीच एक शांतता लावलेली.

लवोन सगळ्यांच्या आधी पोचली होती.
नवऱ्याची पहार घेऊन, ते गेल्यापासून पहिल्यांदाच.
दार तिनंच फोडलं.
आत वर्लिन, एका हातात पट्टा,
कडी गोठलेली, घसा बसलेला.
एवढ्या मोठ्या टॉवरखाली माणूस ओरडतो
आणि बाहेर कुणाला ऐकू जात नाही.

त्याला आवाज फुटेना, म्हणून माइकपाशी ती बसली.
म्हणाली, "आहे. जिवंत आहे. अडकला होता."
कुठं ते तिनं सांगितलं नाही.
मग एक तबकडी काढली, नाव न वाचता,
आणि सुई बरोबर तिथं ठेवली
जिथं तो माणूस ओरडायला लागतो.

वीस गाड्यांमधून तो एकदम ओरडला.
कुणी हसलं नाही. थंडी फार होती.

पुढच्या मंगळवारी तिचा फोन आला.
वर्लिननं नेहमीप्रमाणे वाचून दाखवला,
धिंगाणा, पाणी, सगळं तेच.
शेवटी फक्त एक ओळ जास्त:
आणि त्या कडीला तेल घाल.